आधी ग्रेव्ही, मग टर्की

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, अमेरिकेतल्या लाखो घरांच्या ओव्हनमध्ये एकच पक्षी भाजत असतो. भाजणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरनंतर हातात धरलेला नसतो. ज्या पदार्थाचा सराव सर्वांत कमी, तोच वर्षातल्या सर्वांत भरल्या टेबलावर मांडायचा, अशी ही रीत आहे. बटरबॉल ही टर्की विकणारी कंपनी 1981पासून सणाच्या मोसमात फोनवरून स्वयंपाकाचा सल्ला देते, आणि लोक अजूनही फोन करतात. टर्की वितळायला किती वेळ लागतो, आतली कलेजी-पेट्याची पिशवी काढायची राहिली तर काय करायचे, छाती शिजली पण मांडी कच्ची आहे, असे ते प्रश्न असतात. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत खरा आहे. टर्की भाजण्याची जवळजवळ सगळी विद्या त्याचेच उत्तर शोधत वाढली आहे.

टर्कीच्या एका अंगात दोन प्रकारचे मांस असते. छातीचे मांस पांढरे, त्यात चरबी फार थोडी. साधारण 65 ते 70 अंश सेल्सियसच्या पुढे गेले की ते पाणी सोडते आणि भुसभुशीत होते. तंगडीचे आणि मांडीचे मांस गडद, कारण पक्षी दिवसभर त्याच स्नायूंवर चालतो. त्यात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन भरपूर असते, आणि ते विरघळून मऊ व्हायला 80 अंशांच्या आसपासची उष्णता आणि थोडा वेळ लागतो. म्हणजे छातीला जे नको तेच तंगडीला हवे. कोंबडीतही हा पेच असतो, पण कोंबडी लहान असल्याने निभावून जाते. सहा-सात किलोच्या पक्ष्यात तो लपत नाही. त्यात गेल्या शतकात पैदास करणाऱ्यांनी छाती वाढवत नेली. 1930च्या दशकात मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रात लहान कुटुंबांसाठी, लहान ओव्हनसाठी पांढऱ्या टर्कीची एक छोटी जात तयार करण्याचे काम सुरू झाले होते. ती जात काही काळ चांगली चालली, मग मागे पडली. बाजार जिंकला तो रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीने. तिची छाती इतकी जड असते की तिला नैसर्गिक समागमही जमत नाही, प्रजनन कृत्रिम रेतनानेच करावे लागते. आज दुकानातून येणारी टर्की बहुधा हीच. नॅरागॅन्सेट, बर्बन रेड अशा जुन्या जाती काही शेतकरी जिद्दीने राखून आहेत. त्यांची छाती अरुंद, तंगडी चिवट आणि चव खोल असते.

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिका खंडातला. आजच्या मेक्सिकोच्या प्रदेशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच तो माणसाळला. आताच्या अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या लोकांनीही तो स्वतंत्रपणे पाळला होता, पण आपल्या ताटातली टर्की मेक्सिकोच्या वंशातली आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि तिथून वसाहतींबरोबर ती पुन्हा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आली. बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने सोळाव्या शतकात अझ्टेक जीवनाची जी प्रचंड नोंद करवून घेतली, तिच्यात टर्कीचे मांस आवडीने खाल्ले जात असल्याचे वर्णन आहे. मेक्सिकोत आजही सणाचे खरे जेवण म्हणजे मिरच्या, बिया आणि मसाले वाटून केलेल्या दाट मोलेतली टर्की. तिथे पक्षी रसात शिजतो, कोरडा पडायचा प्रश्नच येत नाही. भाजलेल्या टर्कीचा इतिहास सांगताना ही मूळ परंपरा बहुतेक पुस्तके गाळतात. मला ती या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर हवी होती, कारण रस आणि मांस वेगळे करता येत नाहीत हे तिला आधीपासून ठाऊक होते.

आपल्या बाजूलाही हा पक्षी लवकर पोहोचला. जहांगीर बादशहाने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवून दुर्मीळ वस्तू आणायला सांगितल्या होत्या. 1612मध्ये खान परतला तेव्हा त्याने आणलेल्या प्राण्यांत टर्कीही होती. बादशहाने आपल्या आठवणींत तिच्या डोक्याचे आणि मानेचे रंग कसे बदलतात ते बारकाईने लिहिले आणि चित्रकारांना तिचे चित्र काढायला सांगितले. उस्ताद मन्सूरने काढलेले ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज जहाजांतून आलेला हा पक्षी गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या ताटापर्यंत पोहोचला, आणि तिथे सारण भरून भाजलेली टर्की अजून होते. त्या सारणात व्हिनेगर आणि मसाल्यांचा हात दिसतो. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, आणि ते कोणीतरी लिहावे अशी माझी फार इच्छा आहे.

इंग्लंडमध्ये टर्की सोळाव्या शतकातच रुजली. थॉमस टसरने शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पद्यात, 1573च्या आवृत्तीत, ती नाताळच्या जेवणात आहे. अठराव्या शतकात नॉरफोक आणि सफोकमधून टर्कींचे कळप लंडनपर्यंत चालवत आणले जात, याचे वर्णन डॅनियल डिफोने केले आहे. तरी सामान्य घरात नाताळला बराच काळ हंसच भाजला जाई. डिकन्सच्या 1843च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये गरीब क्रॅचिट कुटुंब हंस खाते, आणि मन पालटलेला कंजूष मालक स्क्रूज त्यांच्याकडे मोठी टर्की पाठवतो. त्या काळी कोणता पक्षी साधा आणि कोणता ऐपतीचा, ते तेवढ्या एका भेटीत कळते.

अमेरिकेतली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1621च्या शरद ऋतूत प्लिमथ इथे इंग्रज वसाहतकार आणि वॅम्पानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले. एडवर्ड विन्सलोच्या पत्रात शिकार करून आणलेल्या पक्ष्यांचा आणि वॅम्पानोआगांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे, टर्कीचे नाव नाही. हे जेवण राष्ट्रीय सणाचा आरंभ ठरले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागे एका संपादिकेची चिकाटी होती. सारा जोसेफा हेल हिने 1827च्या आपल्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत न्यू इंग्लंडमधल्या थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर भाजलेली टर्की मानाच्या जागी ठेवली. पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकातून आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहून तिने अनेक वर्षे राष्ट्रीय सुट्टीची मागणी लावून धरली. 1863मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन मध्यात, लिंकनने तशी घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो 1941मध्ये. दोन वर्षांनी नॉर्मन रॉकवेलचे चित्र छापून आले. त्यात पांढऱ्या टेबलक्लॉथवर आजी अख्खी टर्की ठेवते आहे. त्या चित्राने अमेरिकन स्वयंपाक्यावर जे ओझे टाकले ते अजून उतरलेले नाही. आणि 1970पासून प्लिमथमध्येच त्याच गुरुवारी मूळनिवासी लोक शोकदिन पाळतात. या सणाच्या जेवणावर लिहिताना ते सांगितलेच पाहिजे.

आता आगीकडे येऊ. अठराव्या शतकापर्यंत भाजणे म्हणजे उघड्या ज्वाळेसमोर सळईवर फिरवणे. पक्षी सतत फिरे, एक बाजू तापे तेव्हा दुसरी विसावे. खाली पसरट भांडे ठेवलेले असे आणि टपकणारी चरबी, रस त्यात साठे. तोच ग्रेव्हीचा पाया. लोखंडी चूल आणि पुढे गॅसचा ओव्हन आला तशी सळई गेली, पक्षी बंद पेटीत स्थिर बसला. हा खरे तर बेकिंगचा प्रकार, नाव मात्र भाजण्याचेच राहिले. फिरणारा पक्षी आपोआप सारखा शिजे. स्थिर पक्ष्याची छाती वर, उष्णतेच्या तोंडी, आणि मांड्या खाली सावलीत राहिल्या. जुना पेच इथे आणखी घट्ट झाला.

गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्यावर जे उपाय निघाले त्यांनाच मी या विषयातली घराणी म्हणते. सर्वांत जुने घराणे मंद आचेचे. 325 अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण 163 सेल्सियस, बारा-चौदा पौंडांच्या पक्ष्याला तीन ते पावणेचार तास, आणि दर अर्ध्या तासाला दार उघडून खालचा रस वरून ओतायचा. काही जण लोण्यात भिजवलेले पातळ सुती कापड छातीवर पसरतात. त्याने खरोखर फरक पडतो, कारण कापड उष्णता अडवते. रस ओतण्याबद्दल तसे म्हणता येत नाही. तो कातडीवरून ओघळून जातो, आत शिरत नाही, कातडी ओली करतो आणि प्रत्येक वेळी ओव्हन गार होतो. याच्या अगदी विरुद्ध बार्बरा काफ्काने 1995च्या आपल्या ‘रोस्टिंग’ या पुस्तकात 500 अंश फॅरनहाइटचा आग्रह धरला. पक्षी दोन तासांच्या आत होतो, कातडी कुरकुरीत, आणि ओव्हन जरा जरी कळकट असेल तर घरभर धूर.

1990च्या दशकात मिठाच्या पाण्याची लाट आली. पक्षी रात्रभर बादलीभर खारट पाण्यात बुडवायचा. मिठाने स्नायूंतली प्रथिने सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात, त्यामुळे छाती कोरडी पडत नाही. ऑल्टन ब्राउनच्या 1999च्या दूरदर्शन कार्यक्रमाने ही पद्धत घरोघर नेली. तिचा एक मोठा दोष मात्र फार कमी लिहिला गेला आहे. मांसात शिरलेले पाणी हे पाणीच, त्याने चव पातळ होते. आणि खालच्या ट्रेमध्ये जो रस उतरतो तो इतका खारट असतो की त्याची ग्रेव्ही करता येत नाही. एक प्रश्न सोडवताना दुसरा बिघडला.

कोरडे मीठ चोळण्याच्या पद्धतीने तो सुटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेत जूडी रॉजर्स कोंबडीला एक-दोन दिवस आधी मीठ लावून ठेवत असे. लॉस एंजेलिस टाइम्सच्या रस पार्सन्सने 2006मध्ये तीच रीत टर्कीला लावली. दर पाच पौंडांना एक मोठा चमचा जाडसर कोशर मीठ, तीन दिवस फ्रिजमध्ये, शेवटची रात्र उघडे. आधी मीठ रस बाहेर ओढते, मग तोच खारट रस पुन्हा मांसात शिरतो. कातडी सुकते, त्यामुळे ती पटकन लाल होते. रस पक्ष्याचा स्वतःचाच राहतो आणि ट्रेमधला भाग ग्रेव्हीच्या कामाचा राहतो. जवळपास त्याच काळात, 2002पासून, मार्क बिटमनने आणि नंतर केंजी लोपेझ-आल्टने पाठीचा कणा कात्रीने कापून पक्षी चपटा करण्याची शिफारस केली. मांड्या वर येतात, छातीइतक्याच तापतात, आणि मोठ्या आचेवर अख्खा पक्षी साधारण दीड तासात तयार होतो. रॉकवेलचे चित्र तेवढे हातचे जाते. त्याबदल्यात कापलेला कणा मिळतो, आणि तो कणा म्हणजे ग्रेव्हीचे सोने.

पालाही इथेच नीट समजून घ्यायला हवा. सेज, थाइम, रोझमेरी, मार्जोरम, पार्सली. 1796च्या अमेलिया सिमन्सच्या ‘अमेरिकन कुकरी’त, म्हणजे अमेरिकन बाईने लिहून अमेरिकेतच छापलेल्या पहिल्या पाकपुस्तकात, टर्कीच्या सारणात थाइम आणि मार्जोरम आहे, आणि सोबत क्रॅनबेरीचा सॉस. 1867पासून बॉस्टनच्या विल्यम बेलचा वाळवलेल्या पाल्याचा मसाला डब्यांतून विकला जातो आणि न्यू इंग्लंडच्या कित्येक घरांत थँक्सगिव्हिंगचा वास म्हणजे तोच. या पाल्यांची सुगंधी द्रव्ये चरबीत चांगली विरघळतात, पाण्यात फारशी नाहीत. म्हणून ती मऊ लोण्यात कालवून कातडीखाली, छातीच्या मांसावर पसरावीत. कातडीवर शिंपडलेला ओला पाला मोठ्या आचेत करपतो आणि कडू होतो. आपल्याकडे मसाला मांसात मुरवायची सवय असल्याने पहिल्यांदा करणारा मराठी माणूस पाल्याचे प्रमाण दुप्पट करतो, असे मी अनेक स्वयंपाकघरांत पाहिले आहे. सेज आणि रोझमेरी जास्त झाली की कापरासारखा औषधी वास येतो. इथे मांसाला मीठ आणि थोडा सुगंध पुरतो. चवीची खोली ग्रेव्हीने द्यायची असते.

आणि म्हणून या पुस्तकाचा क्रम उलटा आहे. बहुतेक पाककृती ग्रेव्हीला शेवटच्या दहा मिनिटांत ढकलतात. पाहुणे टेबलावर, टर्की गार होते आहे, आणि यजमान चरबीत पीठ ढवळत गुठळ्यांशी झुंजतो. हा ताण अनावश्यक आहे, आणि पूर्वीच्या स्वयंपाक्यांना तो माहीत नव्हता. हॅना ग्लासच्या 1747च्या पुस्तकात ग्रेव्ही मांसाचे तुकडे, कांदा आणि सुगंधी पाल्याची जुडी घालून वेगळी शिजवलेली आहे. मी तिचेच अनुकरण करायला सांगते. टर्कीचे पंख आणि मान आधी लाल होईपर्यंत भाजा, कांदा, गाजर, सेलरी घालून तीन-चार तास मंद उकळा. हाडांतले कोलॅजेन जिलेटिन होऊन उतरते आणि गार झाल्यावर रसाचा थुलथुलीत थर बसतो. ग्रेव्हीला ओठांवर रेंगाळणारा जो दाटपणा लागतो तो पिठाने येत नाही, या जिलेटिनने येतो.

पीठ तरी लागतेच. दर कपभर रसाला दीड-दोन मोठे चमचे टर्कीची चरबी आणि तेवढाच मैदा. चरबीत पीठ भाजताना प्रत्येक कणाभोवती चरबीचा लेप बसतो, म्हणून रस घातल्यावर गुठळ्या होत नाहीत. ते किती भाजायचे हे मराठी हाताला वेगळे शिकवावे लागत नाही: बेसनाच्या लाडवासाठी पीठ तुपात भाजताना जो खमंग वास सुटतो, त्याच्या अलीकडे थांबायचे. फार लाल केले तर चव वाढते पण दाटपणा कमी होतो. पिशवीतला पेटा आणि हृदय रसात उकळून बारीक चिरून घालावे. कलेजी उकळू नये, कडवटपणा उतरतो. ती लोण्यावर परतून शेवटी घालावी. सणाच्या दिवशी उरते ते एकच काम. टर्की निघाली की ट्रेमधली चरबी वेगळी करायची, तळाची खरवड रसाने सोडवायची आणि तयार ग्रेव्हीत मिसळायची. मीठ अगदी शेवटी, चाखून.

आज हे सगळे सांगण्याची निकड आहे. दुकानातल्या गोठवलेल्या टर्कीत बहुधा आधीच मिठाचे द्रावण टोचलेले असते आणि ते वेष्टणावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. अशा पक्ष्याला पुन्हा पूर्ण मीठ चोळले तर तो खाण्याजोगा राहत नाही. बर्ड फ्लूच्या साथींनी पुरवठा आणि भाव दोन्ही बेभरवशाचे केले आहेत. चार माणसांच्या घराला चौदा पौंडांचा पक्षी नको असतो, त्याला छाती आणि तंगड्या वेगळ्या आणून भाजणे कितीतरी शहाणपणाचे. आणि न्यू जर्सीत, बे एरियात, ह्यूस्टनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे आता पाहुणे म्हणून नाही, यजमान म्हणून हा सण करतात. मुले इथे जन्मलेली असतात, त्यांना टेबलावर टर्की हवी असते, शेजारी बटाट्याची भाजी आणि वरणभात असला तरी. त्यांच्यासाठी मराठीत नीट, कारणांसकट लिहिलेले पुस्तक माझ्या पाहण्यात नव्हते.

एका सवयीबद्दल इथेच सांगते, कारण ती आपल्या घरांत पक्की आहे. कच्ची टर्की सिंकमध्ये धुऊ नये. आपण मटण, चिकन धुतल्याशिवाय हात लावत नाही, त्यामागे स्वच्छतेचाच विचार असतो. पण इतका मोठा पक्षी नळाखाली धरला की जंतूंचे तुषार ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीवर उडतात. जंतू मरतात ते आचेने. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सियस, आणि पोटात सारण भरले असेल तर सारणाच्या मध्यभागीही तेवढेच. पक्ष्यासोबत येणारी, शिजल्यावर वर उडी मारणारी प्लॅस्टिकची खूण सहसा फार उशिरा उडी मारते. चांगला थर्मामीटर घ्यावा, तो छातीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. ओव्हनबाहेर विसावतानाही आतले तापमान काही अंश चढते, म्हणून 160 अंशांना पक्षी बाहेर काढून 165 झाल्याची खात्री करावी.

तळलेली टर्की या पुस्तकात नाही. लुइझियानात ती उत्तम होते, पण तेलाच्या पातेल्यातून खरवड मिळत नाही, म्हणून या पुस्तकाच्या वाटेत ती बसत नाही. धुरावर शिजवलेली टर्कीही वगळली आहे. मापे पौंड आणि किलो, फॅरनहाइट आणि सेल्सियस अशी दोन्हींत आहेत. मैदा न चालणाऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाची ग्रेव्ही दिली आहे. ती रंगाने फिकट पण चवीला निराळी नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी मशरूम, भाजलेला कांदा आणि तोच पाला वापरून केलेली ग्रेव्ही आहे, आणि मराठी घरात तिचीच वाटी आधी रिकामी होईल असा माझा अंदाज आहे.

वाचताना ग्रेव्हीचे प्रकरण पहिले घ्यावे. पंख आणि माना सणाच्या आठवड्यात दुकानांतून लवकर संपतात, म्हणून त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आणाव्यात. रस करून गोठवून ठेवला तर तीन महिने उत्तम टिकतो. गोठवलेली टर्की गुरुवारसाठी हवी असेल तर फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना चोवीस तास धरावेत आणि वर मीठ मुरायचे तीन दिवस मोजावेत. चौदा पौंडांचा पक्षी त्याआधीच्या गुरुवारी फ्रीजरमधून निघाला पाहिजे.